हेवीवेट बॉक्सिंग: धिप्पाड माणूस जिंकतो की कसबी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेवीवेटची मोठी लढत जाहीर झाली की हा वाद निघतोच. एक गट दोघांची उंची आणि वजन पाहून निकाल सांगून मोकळा होतो, तर दुसरा ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ म्हणतो. दोघांच्याही बाजूनं खऱ्या लढतींचे दाखले आहेत, म्हणून हा वाद मिटत नाही. सतत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

थोडक्यात सांगा, आकार महत्त्वाचा की कौशल्य?

कौशल्य, पण अंगावर पुरेसं वजन असेल तरच. शंभर किलोच्या आसपासचा, उत्तम शिकलेला बॉक्सर सव्वाशे किलोच्या माणसाला हरवू शकतो आणि हरवतोही. तितकंच शिकलेला पण पंचाहत्तर किलोचा बॉक्सर मात्र तिथं सहसा टिकत नाही. आणि दोघं सारखेच तयार असतील तर बहुतेक वेळा मोठा जिंकतो.

हा प्रश्न हेवीवेटमध्येच का येतो?

कारण बाकी प्रत्येक वजनगटाला वरची मर्यादा आहे. वेल्टरवेटच्या बॉक्सरला १४७ पौंडांच्या आत वजन दाखवावंच लागतं, त्यामुळे समोरचा फार तर चार इंच उंच असेल, पण दुप्पट जड नसेल. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये क्रूझरवेट २०० पौंडांना, म्हणजे ९०.७ किलोला संपतो. त्याच्या वर सगळे हेवीवेट. ९८ किलोचा माणूस १४३ किलोच्या माणसासमोर उभा राहिला तरी नियमानं ती बरोबरीची लढत असते, आणि अशी लढत झालेलीही आहे.

हा फरक खटकत होताच. म्हणून ऑलिम्पिकमध्ये १९८४ पासून ९१ किलोच्या वरच्यांसाठी सुपर हेवीवेट हा वेगळा गट आला. व्यावसायिक बाजूला वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलनं २०२० मध्ये २२४ पौंडांपर्यंतचा ‘ब्रिजरवेट’ काढला. पण प्रेक्षकांना हेवीवेटचा विजेता म्हणजे जगातला सगळ्यांत भारी बॉक्सर वाटतो, आणि बॉक्सरलाही तोच मान हवा असतो. त्यामुळे मधल्या गटात थांबायला कुणी फारसं तयार होत नाही.

मोठ्या अंगाचा नेमका फायदा काय?

पहिला फायदा हातांच्या पल्ल्याचा. उंच माणसाचा डावा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) समोरच्याच्या तोंडावर पोचतो तेव्हा समोरच्याचा ठोसा अजून हवेतच असतो. लहान बॉक्सरला दर वेळी त्या पट्ट्यातून आत शिरावं लागतं, आणि दर वेळी त्याची किंमत मोजावी लागते.

दुसरा फायदा टीव्हीवर पटकन दिसत नाही, पण माझ्या मते तो सगळ्यांत मोठा आहे. तो म्हणजे क्लिंच. दोघं एकमेकांना बिलगतात तेव्हा आपल्याला विश्रांती चालली आहे असं वाटतं. खरं तर त्या वेळी मोठा बॉक्सर आपलं सगळं वजन समोरच्याच्या मानेवर आणि खांद्यांवर टाकत असतो. रेफरी सोडवेपर्यंत खालच्या माणसानं ते ओझं पाठीवर आणि मांड्यांवर पेललेलं असतं. असं बारा-पंधरा वेळा झालं की पाय जड होतात आणि पायांबरोबर ठोशातला जीवही जातो. २२ फेब्रुवारी २०२० ला लास व्हेगासमध्ये टायसन फ्युरीनं डिऑन्टे वाइल्डरचं असंच केलं. फ्युरी २७३ पौंड, वाइल्डर २३१. तिसऱ्या फेरीत वाइल्डर पडला, पाचव्या फेरीत पुन्हा पडला आणि सातव्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल आला, म्हणजे त्याच्या माणसांनी हार मानली. त्या रात्रीचे ठोसे सगळ्यांना आठवतात. मधली रेलारेली कुणाला आठवत नाही, पण अर्धं काम तिनंच केलं होतं.

तिसरा फायदा म्हणजे मार सोसण्याची ताकद. जाड मान आणि रुंद खांदे असले की डोकं कमी हलतं. याला अपवाद पुष्कळ आहेत, त्यामुळे यावर फार विसंबू नये.

मग मोठ्या अंगाचा तोटा काहीच नाही का?

आहे, दमाचा. मोठ्या स्नायूंना प्राणवायू जास्त लागतो आणि सव्वाशे किलोचं शरीर छत्तीस मिनिटं पायांवर नाचवणं सोपं नाही. पूर्वी जागतिक विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांच्या असत. नोव्हेंबर १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा बॉक्सर किम डुक कू लढतीतल्या मारामुळे मरण पावला, त्यानंतर त्या हळूहळू बारा फेऱ्यांवर आल्या. बॉक्सरच्या जिवाच्या दृष्टीनं निर्णय योग्यच होता. त्याचा एक परिणाम असा झाला, की जड बॉक्सर जिथं सगळ्यांत जास्त थकायचे त्या शेवटच्या तीन फेऱ्याच नाहीशा झाल्या.

उसिकनं फ्युरीला कसं हरवलं?

या एका लढतीत आपल्या प्रश्नाच्या जवळजवळ सगळ्या बाजू दिसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

१८ मे २०२४, रियाध. युक्रेनचा ओलेक्झांडर उसिक सहा फूट तीन इंच, २२३.५ पौंड. ब्रिटनचा फ्युरी सहा फूट नऊ इंच, २६२ पौंड. हातांच्या पल्ल्यात सात इंचांचा फरक. उसिक आधी क्रूझरवेटचा निर्विवाद विजेता होता, म्हणजे मूळचा खालच्या गटातला माणूस.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या उसिक पुढे सरकत राहिला. मग फ्युरीला सूर सापडला. चौथ्या ते सातव्या फेरीपर्यंत त्यानं उसिकच्या पोटात उजव्या हाताचे अपरकट (खालून वर येणारे ठोसे) मारले. ते ठोसे बघतानाही पोटात कालवत होतं. इथं बहुतेकांना वाटलं, झालं, आकारानं काम केलं.

या वेळी उसिकचे पाय पाहा. तो डावखुऱ्या पवित्र्यात लढतो, म्हणजे त्याचा उजवा पाय पुढे. फ्युरीचा डावा पाय पुढे. दोघांच्या पुढच्या पायांत सतत जागेची भांडणं चालू असतात. उसिक आपला पाय फ्युरीच्या पायाच्या बाहेर ठेवायला धडपडतो, कारण तिथून त्याचा डावा हात सरळ रेषेत येतो आणि फ्युरीचा उजवा लांब राहतो. तो थांबून उभा राहतच नाही. अर्धं पाऊल पुढे, अर्धं बाजूला, खांद्याची हूल, परत अर्धं पाऊल. यातल्या प्रत्येक हालचालीला फ्युरीला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, स्वतःला पुन्हा नीट उभं करावं लागतं. २६२ पौंडांचं अंग दर दोन सेकंदांनी पुन्हा नीट उभं करणं हे फार थकवणारं काम आहे. त्याचा हिशेब आठव्या फेरीत निघाला. उसिकच्या डाव्या हातानं फ्युरीच्या नाकातून रक्त काढलं.

नवव्या फेरीत तोच डावा हात भरीव बसला आणि फ्युरीचे पाय गेले. तो दोरांच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झोकांड्या खात गेला, उसिक मागोमाग मारत गेला. दोरांमुळेच तो पडला नाही, म्हणून रेफरीनं उभ्या उभ्याच आकडे मोजले. त्यानंतर लगेच घंटा झाली.

निकाल होता ११५-११२ उसिक, ११४-११३ फ्युरी, ११४-११३ उसिक. आता गणित करून पाहा. फेरी जिंकणाऱ्याला १० गुण आणि हरणाऱ्याला सहसा ९ मिळतात, मोजणी झाली तर ८. नवव्या फेरीत ती मोजणी झाली नसती आणि ती फेरी १०-८ ऐवजी १०-९ लागली असती, तर तिसऱ्या परीक्षकाकडे ११४-११४ झाले असते आणि लढत अनिर्णित राहिली असती. कौशल्य जिंकलं हे खरं, पण इतक्या थोडक्यात. फ्युरीच्या आकारानं उसिकला सर्वस्व पणाला लावायला लावलं.

२१ डिसेंबर २०२४ ला रियाधमध्येच दुसरी लढत झाली. फ्युरी आणखी जड होऊन, २८१ पौंडांवर आला. उसिक २२६ वर. पंचावन्न पौंडांचा फरक असूनही या वेळी तिन्ही परीक्षकांनी ११६-११२ असे उसिकच्या बाजूनं गुण दिले. वाढवलेल्या वजनानं फ्युरीला काही मिळालं नाही.

मग सात फुटी माणसाचं काय?

रशियाचा निकोलाय वालुएव सात फूट उंच होता. ७ नोव्हेंबर २००९ ला न्यूरेंबर्गमध्ये त्याच्यासमोर ब्रिटनचा डेव्हिड हेय उतरला. वालुएव ३१६ पौंड, हेय २१७. फरक ९९ पौंडांचा. हेय बारा फेऱ्या गोल गोल फिरत राहिला, मधेच आत घुसून एक-दोन ठोसे मारून निसटत राहिला आणि गुणांवर जिंकला. शेवटच्या फेरीत तर त्यानं वालुएवला हलवून सोडलं. लढत रटाळ होती हे मान्य, पण शिकण्यासारखी होती.

पुढचा भाग फार लोक सांगत नाहीत. तोच हेय, तेच वेगवान पाय, २ जुलै २०११ ला हॅम्बर्गमध्ये व्लादिमिर क्लिचकोसमोर आला. क्लिचको सहा फूट सहा इंच, २४३ पौंड, म्हणजे वालुएवपेक्षा किती तरी हलका. हेय स्पष्ट फरकानं हरला. ११७-१०९, ११८-१०८, ११६-११०. वालुएवकडे आकार होता, पण पाय संथ आणि हात संथ. क्लिचकोकडे पुरेसा आकार होता, आणि त्या आकाराचा प्रत्येक इंच कसा वापरायचा हे त्याला शिकवलेलं होतं. माझ्या मते या दोन लढती एकामागून एक पाहिल्या तर या वादाचं उत्तर बरंचसं मिळतं.

जॅक डेम्प्सीनं जेस विलार्डला लोळवलं, तो पुरावा नाही का?

अर्धा पुरावा आहे. ४ जुलै १९१९, ओहायोतलं टोलिडो. विलार्ड साडेसहा फुटांहून उंच आणि २४५ पौंडांचा, डेम्प्सी १८७ पौंडांचा. पहिल्याच फेरीत विलार्ड सात वेळा पडला आणि तिसऱ्या फेरीनंतर तो कोपऱ्यातून उठलाच नाही. पण त्या काळी खाली पाडल्यावर दूरच्या कोपऱ्यात जाऊन थांबायची सक्ती नव्हती. विलार्ड उठत असतानाच डेम्प्सी डोक्यावर उभा असायचा आणि उठला की पुन्हा मारायचा. शिवाय विलार्ड सदतीस वर्षांचा होता आणि १९१६ नंतर विजेतेपदासाठी लढलाच नव्हता. डेम्प्सीचा वेग आणि आत शिरण्याची कला खरीच होती. फक्त आजच्या नियमांनी ती कत्तल इतकी एकतर्फी झाली नसती.

उलट दाखलाही द्यायला हवा. १ मार्च १९३४ ला मायामीत इटलीच्या प्रिमो कार्नेरानं टॉमी लफ्रनला गुणांवर हरवलं. लफ्रन कसबात कार्नेरापेक्षा कितीतरी सरस, पण तो ८६ पौंडांनी हलका होता. पुढं त्याच कार्नेराला मॅक्स बेअरनं जून १९३४ मध्ये आणि जो लुईसनं जून १९३५ मध्ये झोपवलं. कारण ते दोघं कसबी होते आणि पुरेसे जडही होते.

मार्सियानो ८४ किलोचा होता आणि एकदाही हरला नाही. आज तो काय करेल?

रॉकी मार्सियानो ४९ लढती खेळला, ४९ जिंकला. उंची पाच फूट साडेदहा इंच, वजन १८५ पौंडांच्या आसपास. आज तो क्रूझरवेटमध्ये लढला असता आणि तिथं भल्याभल्यांना भारी पडला असता असं मला मनापासून वाटतं. क्लिचको किंवा फ्युरीसमोर त्याची बाजू मी घेणार नाही. त्याच्या काळातले बहुतेक प्रतिस्पर्धी ८५-९० किलोचेच होते, आणि जे धिप्पाड होते त्यांना नीट शिकवणारे कमी होते. पुढं सोव्हिएत संघ, क्यूबा अशा देशांत उंच मुलांना लहानपणापासून पाय हलवायला शिकवलं जाऊ लागलं, तेव्हा चित्र बदललं. ‘मोठा म्हणजे संथ’ हे समीकरण १९९० च्या दशकात लेनॉक्स लुईसनं आणि नंतर क्लिचको बंधूंनी मोडून काढलं.

पुरेसं वजन म्हणजे किती?

इतिहास पाहिला तर ९५ ते १०२ किलोच्या मध्ये कुठं तरी. पाच फूट दहा इंचांचा माइक टायसन बुटका म्हणून प्रसिद्ध, पण तो २१८-२२० पौंडांचा होता, म्हणजे जवळजवळ शंभर किलोचा. किन्शासात जॉर्ज फोरमनला हरवणारा मुहम्मद अली २१६.५ पौंडांचा. उसिक १०१-१०३ किलोंचा.

इव्हँडर होलिफिल्डचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. १९९२ मध्ये तो २०५ पौंडांवर रिडिक बोविरुद्ध हरला. बो होता २३५. वर्षभरानं होलिफिल्ड २१७ वर आला आणि बो २४६ वर, आणि या वेळी होलिफिल्ड जिंकला. फरक जवळपास तेवढाच राहिला, पण होलिफिल्ड क्लिंचमध्ये टिकण्याइतका भरला होता.

याच्या खाली धोका आहे. १८ जून १९४१ ला न्यूयॉर्कमध्ये बिली कॉन जो लुईसपेक्षा पंचवीसेक पौंडांनी हलका होता. बाराव्या फेरीनंतर दोन परीक्षकांकडे तो पुढे होता आणि तिसऱ्याकडे बरोबरी होती. तेराव्या फेरीत तो लुईसला पाडायला गेला आणि स्वतःच बाद झाला, फेरी संपायला दोन सेकंद असताना. हलक्या माणसाला अडतीस मिनिटं अचूक राहावं लागतं, जड माणसाला एक ठोसा पुरतो.

वजन वाढवून हे साधता येत नाही का?

येतं, पण हळूहळू आणि हेवीवेटमध्येच राहायचं असेल तर. उसिकनं क्रूझरवेटमधून वर येताना घाई केली नाही. रॉय जोन्स ज्युनियरनं १ मार्च २००३ ला १९३ पौंडांवर २२६ पौंडांच्या जॉन रुईझला सहज हरवलं, आणि तो विलक्षण पराक्रम होता. मग तो वजन उतरवून परत लाइट हेवीवेटमध्ये गेला आणि २००४ मध्ये अँटोनियो टार्व्हरच्या एका ठोशानं दुसऱ्या फेरीत कोसळला. त्यामागं वयही होतं, पण अंग असं चढवणं-उतरवणं महागात पडतं यावर बहुतेक प्रशिक्षकांचं एकमत आहे.

अँडी रुईझचं पोट सुटलेलं होतं, तरी तो जोशुआला कसा भारी पडला?

कारण त्याचे हात फार वेगवान आहेत आणि तो ठोशांच्या माऱ्यातही डोकं शांत ठेवतो. १ जून २०१९ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिसऱ्या फेरीत अँथनी जोशुआनं त्याला पाडलं, मग संपवायला पुढे आला आणि जवळच्या अंतरावर सापडला. तिथं रुईझचा डावा हुक (बाजूनं वळून येणारा ठोसा) कानशिलावर बसला. सातव्या फेरीत लढत थांबली. डिसेंबरमध्ये रुईझ २८३.५ पौंडांवर आला, तर जोशुआ वजन उतरवून २३७ वर. जोशुआ जॅब मारत लांब राहिला आणि आरामात गुणांवर जिंकला. वजनकाट्यावरचा आकडा आणि उपयोगी आकार यांत किती अंतर असतं ते या दोन लढतींत दिसतं.

नुसत्या ठोशाच्या ताकदीचं काय?

ती तिसरीच गोष्ट आहे. वाइल्डर हेवीवेटच्या मानानं हडकुळा आणि त्याचं तंत्रही ओबडधोबड, पण डिसेंबर २०१८ मध्ये बाराव्या फेरीत त्यानं फ्युरीला आडवा केला होता. असा ठोसा काही अंशी जन्मजात असतो. पण आयुष्यभर तेवढ्यावर भागत नाही. फ्युरीनं पुढच्या दोन्ही लढती जिंकल्या.

कुस्तीत वजनाला इतका मान असतो, मग बॉक्सिंगमध्ये लहानाला संधी जास्त कशी?

आखाड्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना हा प्रश्न हमखास पडतो. कुस्तीत पकड बसली की समोरच्याचं वजन सतत अंगावर असतं, त्यातून पळता येत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइलमध्ये सगळ्यांत वरचा गटही १२५ किलोला बंद होतो. बॉक्सिंगमध्ये मधे अंतर असतं. पाय चांगले असतील तर बराच वेळ त्या वजनापासून लांब राहता येतं.

भारतीय हेवीवेट मागे का पडतात? अंगानं कमी पडतात म्हणून का?

अंग हे एकच कारण नाही. हवा सिंग यांनी १९६६ आणि १९७० अशी सलग दोन आशियाई सुवर्णपदकं हेवीवेटमध्ये जिंकली. सतीश कुमार टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुपर हेवीवेटच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि आधीच्या लढतीतले टाके चेहऱ्यावर घेऊन उझबेकिस्तानच्या बाखोदिर जलोलोव्हसमोर उभा राहिला. ते धैर्य विसरण्यासारखं नाही. पण जलोलोव्ह जवळजवळ दोन मीटर उंच, डावखुरा आणि उत्तम शिकलेला आहे. टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडचं सुवर्ण त्याचंच. अशा माणसाशी रोज सराव करायला मिळाला तरच त्याच्याशी लढता येतं. आपल्याकडे एका जागी इतके उंच, तयार बॉक्सर जमतच नाहीत. सरावाला तोडीस तोड जोडीदार नसणं ही खरी अडचण आहे.

मुलगा सतरा वर्षांचा, सहा फूट तीन इंच आहे. त्याला बॉक्सिंगमध्ये घालायचंय. आधी वजन वाढवू का?

नको. आधी पाय आणि जॅब. व्लादिमिर क्लिचको २००३ आणि २००४ मध्ये बाद होऊन हरला होता. मग इमॅन्युएल स्टीवर्ड यांच्या हाताखाली त्यानं साध्या गोष्टी घोटल्या: लांबून जॅब, त्यामागून उजवा हात, आणि समोरचा आत आला की लगेच बिलगणं. त्यानंतर तो २०१५ पर्यंत हरला नाही. मुलाला वजनानं हलक्या आणि चपळ मुलांबरोबर सराव करू द्या, पण जोर न लावता. अशानं त्याला अंगाच्या बळावर निसटता येणार नाही आणि पाय हलवावेच लागतील. डोक्याला मार लागला तर डॉक्टरनं परवानगी देईपर्यंत रिंगमध्ये पाठवू नका, प्रशिक्षक कितीही म्हणाले तरी. वजन पंचविशीपर्यंत आपोआप भरत जातं.